शेवटच्या घरापासून

सोनू, अशी जवळ बस. कागदावरच का होईना, पण बस. पेढ्यांचा डबा बसच्या कंडक्टरच्या हाती देऊन मोकळी झालीस, स्वतः आली नाहीस. हे काही बरं केलं नाहीस माय. नातीनं नोकरीचे पेढे असे पार्सलसारखे धाडायचे असतात का? आणि वरच्या चिठ्ठीत नोकरी कोणत्या कचेरीत लागली ते वाचलं, तर दुसरा पेढा मी तसाच डब्यात परत ठेवला. त्या कचेरीसाठी जिनं आपल्या चपला झिजवल्या, तिच्याबद्दल तुला तिथं कोणी काही सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

सिस्टर, म्हणजे आपली सरकारी नर्सबाई, गावात यायची ती मागच्या बाजूनं. सेलूहून येणारी बस चौकात थांबते, हे तुला माहीत आहे. बाकी सगळे चौकात उतरतात, ग्रामपंचायतीत चहा पितात, मग कामाला लागतात. सिस्टर एक थांबा आधीच उतरायची, हिंगणीच्या रस्त्यावर, आणि खांद्यावर लसीचा डबा अडकवून बांधाबांधानं नाल्यापलीकडच्या बेड्यावर जायची. पारध्यांची दहा-बारा घरं, जंगलखात्याच्या जागेवरची. तिथून नाला ओलांडून आपल्या बौद्धपुऱ्यात, आणि सगळ्यात शेवटी चौकातल्या दुकानदारांच्या घरी. तोवर दुपार कललेली असायची.

मी अंगणवाडीत मदतनीस, तिच्यासोबत फिरायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी कुरकुरले, "सिस्टर, उलटं काऊन चालता?" तिनं डब्यावर थाप मारली. "बर्फ ताजा आहे तोवर लांबच्याकडे जायचं, कमल. जवळचा माणूस ओरडून मागते. लांबच्याचा आवाजच येत नाई." मला ते लागलं, कारण एकेकाळी शेवटचं घर आपलंच होतं. आधीची नर्स हातपंपाच्या पुढं येत नव्हती. तिथूनच हाका मारायची, आणि तुझ्या आईला घेऊन मी उन्हात पंपापाशी उभी राहायची. सिस्टर आली आणि पहिल्या दिवशी आपल्या घरात माठातलं पाणी मागून प्यायली. एवढ्याशा गोष्टीनं मी तिची झाले.

तिची दुसरी सवय म्हणजे टिकल्या. कपाळाला कधी लावली नाही, पण पर्समध्ये पाकीट कायम. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला तिनं पेनानं गावाचा नकाशा काढला होता, चौक, नाला, बेडा, सगळं. दवाखान्यात पोचायच्या आधी कोणी गेलं, की त्या घरावर एक लाल टिकली. चौकाकडे दोन-तीन. आपल्या पुऱ्यात त्याहून जास्त. आणि बेड्यावर टिकल्यांवर टिकल्या, कागद दिसेनासा झालेला.

तो कागद घेऊन ती वर्ध्याला साहेबांकडे जायची. मलाही न्यायची, साक्षीला. तिचं म्हणणं साधं होतं. एकाच गावात, एकाच दवाखान्याखाली, नाल्याच्या या बाजूला माणूस वाचते आणि त्या बाजूला मरते, तर हे बघायला सरकारची एक वेगळी कचेरी पाहिजे. कोणत्या वस्तीला काय कमी पडतं ते शोधणारी. तिच्याकडे स्वतःची गाडी पाहिजे, रक्ताची सोय पाहिजे, आणि दवाखान्याला जाब विचारायचा अधिकार पाहिजे. एक साहेब हसून म्हणाले, "बाई, टिकल्या कपाळावर लावायच्या असतात."

"ज्यायनं लावायच्या होत्या त्या बाया राह्यल्या नाईत साहेब," सिस्टर म्हणाली, "म्हणून कागदावर लावल्या."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "लय बोलल्या तुमी." तर म्हणते कशी, "बदली करतीन. याच्याहून लांबचं गाव सरकारजवळ आहे काय?"

असे किती साहेब आले आणि गेले. अर्ज दिला की पोच घ्यायची, पोच घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवायची, आणि घरी जाऊन त्याच मजकुराचा नवा अर्ज लिहायची. मी थट्टा करायची, "सिस्टर, नवऱ्याले तरी इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या काय?" ती म्हणायची, "त्यानं पहिलीचंच उत्तर देल्लं होतं वं, तिथंच फसली."

आणि खरंच कचेरी मंजूर झाली. तू आता जिथं बसशील तीच, आरोग्य विषमता निवारण कक्ष. त्या दिवशी सिस्टर माझ्या ओट्यावर बसून रडली. बेड्यावरच्या रंजूला तेव्हा दिवस गेलेले होते. रंजूला सिकलसेल. रक्त कमी, सांधे दुखून रात्र रात्र विव्हळायची पोरगी. तिच्या आईला सिस्टरनं शब्द दिला होता, "तुही पोरगी बैलगाडीत नाई जाणार. कक्षाची गाडी दारात येईन." आता शब्द राहणार होता.

आता ऐक सोनू, पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

कक्षाचं उद्घाटन होतं त्या दिवशी सिस्टरला वर्ध्याला बोलावलं. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, शाल-श्रीफळ दिलं, तिचा नकाशा मागून घेतला. नेमके त्याच दिवशी आपल्या गावात कक्षाचे सर्वेवाले वस्त्यांची यादी करायला आले. दोघं जण, चांगले पोरं, उन्हानं लाल झालेले. ते चौकात उतरले आणि पुढून सुरू करत करत आपल्या घरापर्यंत पोचले. मी त्यांना ओट्यावर बसवलं, लिंबूपाणी दिलं. एकानं विचारलं, "मावशी, याच्या पुढं घर आहे काय?"

माझ्या मनात काय होतं, सांगू? वाटलं, ते नंबराच्या घरांबद्दलच विचारतात. बेड्यावरच्या घरांना नंबर नाहीत. आणि पोरं दमले होते. आणि पहिल्यांदा कोणी सरकारी माणूस माझ्या ओट्यावर बसून मला मावशी म्हणून विचारत होता, गाव माझ्या तोंडून लिहून घेत होता. मी म्हटलं, "नाई बापा. माह्यावालंच शेवटचं." त्यांनी कागद पुढं केला, मी सही केली. आपण जन्मभर शेवटचं घर होतो. आपल्याही मागं कोणी आहे, हे मलाच आठवलं नाही. मला, जी इतकी वर्षं सिस्टरमागं नाला ओलांडत होती.

रंजूला कळा लागल्या तेव्हा भर दुपार होती. सिस्टरनं कक्षाला फोन लावला. मी बाजूलाच उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "मॅडम, त्या वस्तीचं नावच यादीत येऊन नाई राह्यलं. यादीबाहेर गाडी सोडता येत नाई. अर्ज देऊन टाका, पुढच्या यादीत घेऊ." सिस्टर एकच म्हणाली, "बेटा, मी अर्जच देत आली." आणि फोन ठेवला. बैल जुंपले. पोर बेड्यावरच झाली, मुलगी. रंजू सेलूच्या अलीकडे गाडीतच गेली. तिचं डोकं सिस्टरच्या मांडीवर होतं.

दिवस घातल्यावर मी सिस्टरला सहीचं सांगितलं. वाटलं, ही मला मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझा हात धरून मला बाजूला बसवलं. मग म्हणाली, "सही तुही नाई कमल. मी त्या दिवशी पुढच्या खुर्चीत जाऊन बसली नं. त्याच्या आधी कधी बसलती काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर्ध्याला गेलो. रंजूची टिकली लावायची होती. कक्षात टेबल होतं, पंखा होता, साहेबांची खुर्ची रिकामी होती. भिंतीवर सिस्टरचा नकाशा सोनेरी चौकटीत टांगलेला, त्याला प्लास्टिकचा हार. सिस्टरनं टिकली बोटावर घेतली, हात पुढं केला आणि थांबली. "काच लावली वं," ती म्हणाली. "आता इथं काईच चिकटत नाई." तरी तिनं ती काचेवर, बेड्याच्या जागी लावली. आम्ही पाणी प्यायला बाहेर गेलो आणि परत आलो, तोवर झाडूवाल्या बाईनं फडक्यानं काच पुसलेली. तिची काय चूक? तिला काच स्वच्छ ठेवायला सांगितलेली.

त्यानंतर सिस्टरनं अर्ज लिहिला नाही. निवृत्त झाली आणि कारंजाला भावाकडे गेली. मी भेटायला गेले तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज सारखा येत होता. मी खूप बडबडले, तुला माहीत आहे माझी सवय. तिनं एवढंच विचारलं, "यादीत नाव आलं काय?" मी खोटं बोलू शकले नाही. तिनं उशीखालून टिकल्यांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि परत भिंतीकडे वळली. पुढच्या वेळी गेले तेव्हा खाट उभी करून ठेवलेली होती.

यादीत नाव अजूनही नाही. दोनदा मीच अर्ज दिला, वेडंवाकडं लिहून. पोच ब्लाऊजमध्ये आहे. रंजूची पोर आता नाल्यापर्यंत चालत येते. रात्री पाय दुखतात म्हणून रडते, असं तिची आजी सांगत होती. तिचं रक्त अजून कोणी तपासलं नाही.

तुझी ती कचेरी काही करील, असं मला वाटत नाही सोनू. तुझं मन मोडायचं नाही मला, पण खोटं कशाला बोलू? तरी तू ये. चौकात उतरू नको, एक थांबा आधी उतर. बांधानं आधी बेड्यावर जा, त्या पोरीला पाहा, तिच्या आजीच्या हातचं पाणी पी. मग नाला ओलांडून माझ्याकडे ये. पाकिटात टिकल्या उरल्या आहेत, त्या मला कोणाच्या नावानं लावायच्या नाहीत. लवकर येजो माय.