आईची कातडी लेकीच्या पाठीवर

आईच्या त्यागापुढे मृत्यूही हात टेकतो, असं आमचे सरपंच अकोल्याच्या दवाखान्यात म्हणाले. उंद्रीहून ते शाल-नारळ घेऊन आले होते. माझ्या बायकोला, सुमीच्या आई गोदाला, मांडीच्या जखमेमुळे उठता येईना. म्हणून त्यांनाच वाकून सत्कार करावा लागला. एरवी ते वाकत नसत.

त्याच सकाळी डॉक्टरांनी सुमीची पट्टी सोडून मला बाजूला घेतलं होतं. “होमोग्राफ्ट रिजेक्शन सुरू झालंय.” म्हणजे लावलेली परकी कातडी शरीर नाकारतंय.

सुमी आमची आठ वर्षांची मुलगी. लग्नघरी पंगतीचं उकळतं वरण अंगावर सांडलं. पाठ आणि पाय भाजले. झाकायला तिची स्वतःची कातडी पुरेना. गोदा म्हणाली, “माह्या मांडीची घ्या. मले काय ते कोणाले दाखवाची हाय?”

ही कातडी थोडेच दिवस राहील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आईची कातडी म्हटल्यावर तो इशारा इतरांसाठी असावा, असं आम्ही धरून चाललो.

कातडी लागली, गुलाबी झाली. ताप उतरला. सुमी पालथी पडून विचारायची, “माय, तुह्या मांडीवरचा तीळ आता माह्या पाठीवर आला काय वं?”

“हाव. सांभाळजो.”

रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. परकी पेशी दिसली की त्या तिला चिकटतात आणि मारतात. रोगानं बळकावलेल्या पेशींचाही असाच निकाल लावतात, म्हणून आपण जगतो. नातं त्यांना कळत नाही.

“पण मी माय हाओ ना तिची!” गोदा म्हणाली.

“एका बीजाची जुळी बहीण असती, तर टिकली असती,” डॉक्टर म्हणाले.

“नऊ महिने पोटात होती. माह्या आंगानं नाही मारलं तिले. काऊन?”

डॉक्टर म्हणाले, “ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही, बाई.”

कातडी काळी पडून सुटली. उघड्या जखमांत जंतू शिरले. सुमी गेली.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी कातडी जरूर द्यावी. त्या दिवसांत सुमी जेवली, हसली, भांडलीसुद्धा. त्या दिवसांसाठी मी डॉक्टरांचा ऋणी आहे. फक्त दिवस उसने आहेत, हे डॉक्टर सांगतील तेव्हा ऐकावं.

गोदाच्या मांडीची जखम त्याच आठवड्यात भरली. व्रणही फारसा राहिला नाही.