पन्नासाव्या पानावर गुन्हेगार

गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या तपासनीसबाईंना जगातल्या बहुतेक माणसांची कीव यायची. शाळेचे, रुग्णालयाचे, पहारेकऱ्यांचे गणवेश शिवून, काज होऊन, इस्त्री होऊन त्यांच्यापुढे यायचे आणि बाई सुटलेला दोरा, तिरकी शिवण, अर्धवट काज क्षणात पकडायच्या. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार मिळाला की माणसाला आपण चुकूच शकत नाही असं वाटायला लागतं. बाईंना तसं वाटायचं, आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

त्यातून त्यांना वाचनाचा नाद. बस थांब्याजवळच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं यायची, पण वाट्टेल ती नाही. मुखपृष्ठावर फूल, पक्षी किंवा हसरी मुलगी दिसली की बाई नाक मुरडून पुस्तक खाली ठेवत. बंद दार, काटेरी तार, निदान रक्ताचा एक ओघळ तरी हवा. खून, पाळत, विश्वासघात, नाहीतर मग उद्याचं ते काळंकुट्ट जग, जिथे सरकार माणसाचे श्वाससुद्धा मोजतं. असलं वाचून बाईंचा चेहरा कसा प्रसन्न व्हायचा. "मी पन्नासाव्या पानावर गुन्हेगार ओळखते," असं त्या ज्याला त्याला ऐकवत. एकावन्नाव्या पानावर कधी नाही.

घरात या विद्वत्तेची कदर करणारं कुणी नव्हतं. नवरा वर्तमानपत्रातली कोडी सोडवायचा, त्याला त्या 'चौकोनी बुद्धी' म्हणत. मुलगा पाळीवरून यायचा आणि झोपायचा. सून बालवाडीत शिकवायची आणि घरी येताना मुलांची चित्रांची पुस्तकं आणायची. त्यातलं एक बाईंनी एकदा चाळलं होतं. हत्तीची छत्री हरवते, तो सगळ्या जंगलावर आळ घेतो आणि शेवटी छत्री त्याच्याच सोंडेत सापडते. "हे वाचून पोरं काय शहाणी होणार?" बाई म्हणाल्या होत्या. सून नुसती हसली होती. त्या हसण्याचाही बाईंना संशय आलाच.

खरा श्रोता एकच होता, कारखान्यातली काजवाली. काजाच्या मशीनवर बसणारी ही बाई त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, शाळा सहावीत सुटलेली, घरात पुस्तक म्हणून दिनदर्शिका तेवढी. पण ऐकायला बसली की डब्यातला घास हातातच राहायचा. सोळा वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तिला कादंबऱ्या सांगितल्या, हप्त्याहप्त्याने, नेमक्या रंगलेल्या जागी डबा बंद करून. "पुढचं उद्या" म्हटलं की काजवालीचा चेहरा उतरायचा, आणि तो उतरलेला चेहरा पाहून बाईंचं दुपारचं काम झरझर व्हायचं. ती मध्येच विचारायची, "ताई, तो माळीच असेल का हो?" बाई दयेने हसत. "अगं, जो दिसतो तो कधीच नसतो. सरळ कारण असलं तर गोष्टच कशाला लिहितील?" हे तत्त्व त्यांनी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की बिचारीला ते पाठ झालं असेल.

नवे साहेब आले तेव्हा सुट्टीत एका अशा शहराची गोष्ट चालू होती जिथे घड्याळांना बंदी होती. वेळ फक्त भोंग्यावरून कळायची. प्रत्येक जिन्याखाली लोखंडी पेटी, आणि शेजाऱ्याने काय केलं ते लिहून दर आठवड्याला त्या पेटीत टाकायचं. चार मैत्रिणी मिळून चोरून एक घड्याळ बनवतात आणि चौघींपैकीच कुणीतरी चुगली करते. कोण, ते अजून कळायचं होतं. "लोक इतके मूर्ख कसे?" बाई तावातावाने म्हणाल्या. "पेटी बसवली त्याच दिवशी ओळखायला नको? मी असते तर पेटीत वाळू भरली असती."

त्याच आठवड्यात साहेबांनी बाईंना काचेच्या खोलीत बोलावलं. उत्पादन घटतंय, बायका सारख्या जागेवरून उठतात, कुणी तरी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पहारेकऱ्यांच्या गणवेशाच्या पितळी बटणांचा एक खोकाही सापडत नव्हता. "तुमच्यासारखी नजर इथे कुणाला नाही," साहेब म्हणाले आणि एक कोरी वही पुढे केली. कोण केव्हा उठलं, केव्हा परत आलं, एवढंच लिहायचं. बाई हरभऱ्याच्या झाडावर इतक्या झरझर चढल्या की साहेबांना दुसरं वाक्य बोलावंच लागलं नाही. लोखंडी पेट्यांच्या शहराची कादंबरी त्यांच्या पिशवीत होती. त्याच पिशवीत ती वही घालून त्या जागेवर आल्या आणि त्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशीची नोंद कोरडी होती. दुसऱ्या दिवसापासून लेखणीला पाय फुटले. काजवाली वारंवार उठत होती. एका दिवसात अकरा वेळा. मागच्या जिन्यावरून खाली स्वच्छतागृहाकडे जायची, हातात कापडाची लहान पिशवी. आणि खोका हरवलेला. बाईंच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे, आनंदाचा. इतकी वर्षं पुस्तकात भेटणारं प्रकरण आपल्या पायांनी चालत त्यांच्या टेबलासमोरून जात होतं.

त्यांनी लिहिलं: 'अकरा वाजून दहा मिनिटांनी ती उठली. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले, जणू काही लपवलं आहे. तिसऱ्या पायरीवर ती थबकली. तिने मागे वळून पाहिलं, आणि दार हळूच लोटलं. नऊ मिनिटं. एवढा वेळ कशासाठी?' हे वाचून त्या स्वतःवरच खूश झाल्या. मागच्या जिन्याच्या खाली मालाचं दार होतं, दारापाशी कटिंग मास्तर विडी ओढायला जायचा. झालं. मास्तर बाहेरचा साथीदार आणि काजवाली बटणं पोचवणारी. तिचा चेहरा चार दिवस पांढराफटक दिसत होता, तोही पुरावाच. मनात पाप असल्याशिवाय माणूस उगीच पांढरा पडतो का?

आणि या चारही दिवसांत जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्या समोरच बसलेली असायची. डबा जेमतेम उघडायची, भिंतीला टेकून गोष्ट ऐकायची. 'काय गं, बरं नाही का?' हे पाच शब्द विचारायला काही कष्ट नव्हते. पण बाईंनी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं तर संशयित सावध होतो, हे कोणत्याही चांगल्या कादंबरीत दिलेलं असतं. त्यांनी घड्याळाची गोष्ट सांगितली, आवाज खाली-वर करून, आणि सांगता सांगता तिच्या पिशवीवर नजर ठेवली. सोळा वर्षांची ओळख एका बाजूला आणि हौस एका बाजूला. हौस जड निघाली. असल्या हुशारीला काय म्हणावं?

शुक्रवारी त्यांनी सही करून वही साहेबांना दिली. संध्याकाळी जेवताना राहवलं नाही. घरात सगळ्यांना सांगायला बसल्या, रंगवून, थांबून. नवऱ्याने भाजी वाढून घेतली. मुलगा जांभई देत होता. सुनेने मात्र नीट ऐकून घेतलं.

"आई, पण तुम्ही त्यांना विचारलंत का काही?"

"विचारायचं काय त्यात? प्रकरण उघड आहे."

"नाही, आमच्या वर्गातलं एखादं मूल पाच वेळा उठलं ना, तर आम्ही आधी पोट दुखतंय का विचारतो." तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "त्या पन्नाशीला आल्या असतील ना? हात पोटाशी, चेहरा पांढरा, सोबत पिशवी. त्यांना अंगावरून जात असेल, आई. तुम्हाला नव्हता का तसा त्रास झाला, मी लग्न होऊन आले त्या वर्षी?"

बाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. झाला होता. आठ महिने झाला होता. त्याही तशाच पोट धरून, पिशवी घेऊन त्याच जिन्याने खाली जात होत्या आणि तिसऱ्या पायरीवर कळ आली की थांबत होत्या. मागे वळून पाहायच्या, कपड्यांना डाग तर नाही ना. आणि तेव्हा त्यांच्या टेबलावर ढीग साचू नये म्हणून काज थांबवून गणवेश तपासून द्यायची ती काजवालीच. चित्रांची पुस्तकं वाचणाऱ्या पोरीला जे एका घोटात कळलं, ते यांना चार दिवस समोर बसून कळलं नव्हतं. सरळ कारण असूच शकत नाही ना!

शनिवारी भोंगा व्हायच्या आधी बाई काचेच्या खोलीत हजर झाल्या. काजवालीच्या मशीनवर झाकण होतं.

"तिला काल सुटताना बोलावून घेतलं," साहेब म्हणाले. "आजपासून येऊ नका म्हटलं."

"साहेब, ती चोर नाही. माझी चूक झाली."

"चोर नाहीच. बटणांचा खोका काल इस्त्रीच्या टेबलाखाली सापडला." साहेबांनी वही उघडली. "पण अकरा वेळा उठली हे खरं ना? नऊ-नऊ मिनिटं?"

"तिला त्रास आहे. बायकांचा असतो तो."

"तसं तुम्ही लिहिलं नाहीत."

"मग ते पान फाडून टाका."

"खाली तुमची सही आहे, बाई. खाडाखोड केली तर वहीला अर्थ काय राहिला?" ते हसले. "लिहिता मात्र झकास. काल तिलाही वाचून दाखवलं मी. पुढच्या आठवड्याची वहीही तुमच्याकडेच ठेवा."

बाईंनी वाचलेल्या कादंबऱ्यांत अशा वेळी कुणी तरी वही भिरकावतं, काच फुटते, भोंगा बंद पडतो. गेली वीस वर्षं बाई असल्या माणसांनाही 'उशीर केला' म्हणून नावं ठेवत आल्या होत्या. इथे त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग वही काखेत घेऊन टेबलावर आल्या आणि रुग्णालयाचे चाळीस सदरे तपासले. त्यातले दोन उसवलेले त्यांच्या हातून तसेच पुढे गेले.

शनिवारी कारखाना दुपारीच सुटायचा. बाई बसने काजवालीच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, खिडकीत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात घरचं जुनं शिलाई मशीन. काजवाली पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती. त्यांना पाहून उठून बसली आणि पायांनीच खुर्ची पुढे ढकलली.

"बसा, ताई."

बाई बसल्या. उशाशी दवाखान्याचे कागद होते. गर्भपिशवी काढायला लागेल असं डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितल्याचं तिनेच सांगितलं, काज मोजावेत तसं सपाट आवाजात. ऑपरेशनपर्यंत कसंतरी रेटायचं ठरवलं होतं, रजेचा अर्ज तसाच पिशवीत राहिला. बाईंनी येताना बसमध्ये चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना.

"त्या घड्याळाच्या गोष्टीत पुढे काय झालं?" काजवालीनेच विचारलं. "चुगली कुणी केली, लागला का पत्ता?"

"अगं, ते जाऊ दे. मी तुला दुसरंच सांगायला आले." बाईंचा आवाज चिरकला. एरवी हा आवाज पाहिजे तेव्हा खाली-वर व्हायचा. "साहेबांनी जी वही वाचली ना, ती..."

"तुमची."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी?" काजवालीने गरम पिशवी सारखी केली. ती रागावलेलीही दिसत नव्हती, आणि बाईंना ते सोसत नव्हतं. "साहेब वाचत होते. 'तिसऱ्या पायरीवर ती थबकली. तिने मागे वळून पाहिलं, आणि दार हळूच लोटलं.' सोळा वर्षं ऐकलंय, ताई. आपल्या कारखान्यात दार हळूच लोटणारं दुसरं आहे कोण?"

बाईंनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. त्यांच्या पिशवीत कादंबरी होती आणि कादंबरीला लागून ती वही होती.

"पन्नास पानं नाही लागली मला," काजवाली म्हणाली. "दुसऱ्याच ओळीला ओळखलं. तरी शेवटपर्यंत ऐकत बसले. म्हटलं, ताईंनी कुठेतरी लिहिलं असेल, हिचं पोट दुखतंय म्हणून."

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि जाताना दार ओढून घ्या म्हणाली.