चौदाचे पुन्हा चोवीस

कोपरीच्या ज्या चाळीत रचना वाढली, तिथे आजही कुणाचा मोबाईल बिघडला की ‘रचनाला दाखव’ असंच म्हणतात. मोबाईल दुरुस्त करणं हे आपलं काम नाही, हे तिनं कितीदा तरी सांगून झालंय. पण बाबुरावांची मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढं लोकांना पुरतं. बाबुराव शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचेच्या नळ्या पुसून ठेवणारा हा माणूस मुलीला एकच सांगायचा, हातातलं काम परत एकदा तपासून बघ. ती तपासायची. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत बारा वर्षांत तिचं नाव झालं ते त्यामुळेच. रचनाच्या हाताखालून गेलेलं काम परत येत नाही, असं तिचा साहेब सुमित सगळ्यांना सांगायचा आणि तिला ते आवडायचं.

म्हणूनच कळव्याची गोष्ट तिला इतकी लागली.

कळव्यात एक संस्था आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे ती रोज सिस्टर पाठवते. इंजेक्शन, ड्रेसिंग, बीपी असली कामं. त्या संस्थेसाठी रचनाच्या टीमनं प्रोग्राम बनवला होता. प्रत्येक पेशंटची नोंद डेटाबेसमध्ये, आणि सिस्टरच्या हातात टॅब. पण कळव्याच्या आतल्या गल्ल्यांत नेटवर्कचा भरवसा नाही. त्यामुळे सकाळी सेंटरवरून निघताना टॅब पेशंटच्या नोंदीची एक प्रत उचलून घ्यायचा. ती प्रत दिवसभर डेटाबेसपासून सुटी असायची. संध्याकाळी सिस्टर परत आली की प्रोग्राम ती सुटी प्रत मूळ नोंदीत मिसळून टाकायचा. या प्रकाराला त्यांच्या भाषेत ‘मर्ज’ म्हणतात.

यात एक गोम आहे आणि ती रचनाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मर्ज म्हणजे फक्त बदललेला रकाना जात नाही, प्रतीतले सगळे रकाने मूळ नोंदीवर उमटतात. दरम्यान कुणी सेंटरवर बसून तीच नोंद बदलली असेल, तर संध्याकाळी आलेली जुनी प्रत तो बदल खाऊन टाकणार. त्यावर उपाय सोपा. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा नंबर द्यायचा. प्रतीवरचा नंबर मागे पडलेला दिसला की प्रोग्राम थांबतो आणि सांगतो, ‘ही नोंद मध्येच बदलली आहे, पुन्हा बघा.’ रचनानं तो नंबर लावला होता.

संस्थेच्या लोकांना प्रोग्राम दाखवायच्या दिवशी तोच संदेश तीनदा स्क्रीनवर आला. समोरच्यांनी एकमेकांकडे बघितलं. चहाच्या सुट्टीत सुमितनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की आजपुरतं ते काढ. तिनं काढलं. कोडमध्ये त्या जागी लिहून ठेवलं, ‘तात्पुरतं काढलंय, परत लावायचं आहे. रचना.’ प्रोग्राम पसंत पडला, पेढे वाटले गेले, पुढचं काम आलं. नंबर परत लावायचा राहून गेला.

आठ महिन्यांनी राघोचं प्रकरण झालं. राघो कळव्याचाच, तरुणपणी मिठागरावर राबलेला. सत्तरी उलटलेली, साखरेचा आजार. त्याची बायको ठमाबाई त्याचं सगळं करायची, फक्त सकाळचं इन्सुलिन आवडाबाई सिस्टर देऊन जायच्या. राघोची साखर खाली यायला लागली म्हणून डॉक्टरांनी चोवीस युनिटचं चौदा केलं आणि नोंदीत तसं बदलायला सेंटरवरच्या करिश्माला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाईंच्या टॅबवर चोवीसच दिसलं. त्यांनी चोवीस दिलं. दुपारपर्यंत राघो घामानं भिजून बेशुद्ध पडला. ठमाबाईनं त्याच्या हिरड्यांना गूळ चोळला, शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. तीन दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला, पण त्यानंतर त्याची बोलताना जीभ थोडी अडखळायला लागली.

सेंटरवर मीटिंग झाली. रचना प्रोग्रामच्या बाजूनं गेली होती. करिश्मा तेवीस वर्षांची, कळव्याच्या जुन्या भूमिपुत्र घरातली. घरात खोल्यांचं भाडं येत होतं, तरी हट्टानं नोकरीला लागलेली. ऑफिसात खुर्चीवर बसणारी घरातली पहिली पोरगी. ती म्हणत होती, मी अकरा-सव्वाअकराला चौदा टाकलेलं. रचनानं तिथेच लॅपटॉपवर नोंद उघडली. चोवीस.

“सेव्ह दाबलं होतंस का?” रचनानं विचारलं.

“हो मॅडम. दाबलेलं.”

“सिस्टम आपोआप काही बदलत नाही, करिश्मा.”

एवढंच ती बोलली, तेही शांतपणे. करिश्मानं एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा आवडाबाईंकडे. त्या नोंदीचा जुना इतिहास उघडून बघायला रचनाला पाच मिनिटं लागली असती. तिनं उघडला नाही. तिला त्या क्षणी गरजच वाटली नाही. करिश्माला कॉम्प्युटरवरून काढून फोनवर बसवलं आणि आठवड्याभरात तिनं नोकरी सोडली.

दीड महिन्यानं आवडाबाईंनी एक साधी तक्रार केली. एका पेशंटचा पत्ता सेंटरवर दोनदा दुरुस्त करून घेतला, तरी दर वेळी जुनाच परत येतोय. रचना इतिहास बघायला बसली आणि तिला लगेच कळलं. सकाळी पत्ता बदललेला, संध्याकाळी टॅबवरची जुनी प्रत त्यावर बसलेली. मग तिनं राघोची नोंद काढली. अकरा वाजून वीस मिनिटं, करिश्मा, चौदा. सहाला अठरा मिनिटं कमी असताना टॅब, पुन्हा चोवीस. आवडाबाईंनी त्या दिवशी फक्त शेजाऱ्याचा फोन नंबर घातला होता. बाकीची जुनी प्रत त्याच्याबरोबर आत गेली होती.

कोडमध्ये तिची ओळ तशीच होती. खाली तिचं नाव.

यानंतर तिनं जे केलं, त्याची लाज तिला मूळ चुकीपेक्षा जास्त वाटते. तिनं नंबर परत लावला, तपासला, आणि सुमितला ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून कळवलं. कुणी काही विचारलं नाही. ती स्वतःला सांगत राहिली की करिश्माला पैशाची ददात नाही, तिला दुसरी नोकरी मिळेल, राघो तर बरा आहे. जेवताना बाबुरावांनी विचारलं, काय गं, ऑफिसात काही झालं का? ती म्हणाली, नाही. वडिलांच्या तोंडावर खोटं बोलल्याचं तिला पुढे कितीतरी वेळ आठवत राहिलं. टीममधला कुणी येऊन तिला ‘एकदा बघता का’ म्हणायचा आणि तिला मान वर करवायची नाही.

बारा दिवस तिनं असे काढले. तेराव्या दिवशी सुट्टी टाकून ती कळव्याला गेली. करिश्माच्या घरी जायचं धाडस होईना, म्हणून आधी राघोकडे गेली. राघो पडवीत खाटेवर बसला होता. ठमाबाईनं पाणी दिलं. रचनानं प्रोग्राम, प्रत, मर्ज यातलं काहीच सांगितलं नाही. ती म्हणाली, “आजी, त्या दिवशी औषधाचा आकडा चुकला तो माझ्यामुळे. करिश्मानं बरोबर लिहिला होता. माझ्या कामातल्या चुकीनं तो पुसला गेला.”

ठमाबाईला समजायला जरा वेळ लागला.

“म्हंजी त्या पोरीनं लिवलेला व्हता?”

“हो.”

ठमाबाई उंबऱ्यावर खाली बसली. रचनाला वाटलं, आता ही आपल्याला बोलणार. तिची तयारी होती, तेच ऐकायला ती आली होती. पण म्हातारी स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाली,

“मी तिच्या दारात जाऊन बोलले गं बाय. नाय नाय ते बोलले. आख्ख्या गावानं ऐकला.”

राघोनं अडखळत काहीतरी म्हटलं. ठमाबाईनं मान हलवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून म्हणाली, चल. दोघी निघाल्या. पाच मिनिटांचा रस्ता. आपल्या एका ओळीनं या बाईच्या तोंडूनही चुकीचं बोलवून घेतलं, हे रचनाला त्या रस्त्यात कळलं, आणि ते आधी का सुचलं नाही याची तिला आणखी शरम वाटली.

करिश्मा ओट्यावर कपडे वाळत घालत होती. ठमाबाईनं आधी तिचा हात धरला, काही बोलण्याआधीच रडायला लागली. मग रचनानं सांगितलं. नंबर का काढला, परत का लावला नाही, आणि कळल्यावरही बारा दिवस गप्प राहिले, तेही. करिश्मानं सगळं ऐकून घेतलं. ओल्या चादरीचं टोक तिच्या हातात तसंच होतं.

“मला तुम्ही सगळ्यांसमोर विचारलेलं, सेव्ह दाबलं का म्हणून,” ती म्हणाली. “मी घरी येऊन स्वतःलाच विचारायची. कधी कधी वाटायचं, नसेलच दाबलं. आता हे पण सगळ्यांसमोर सांगा.”

रचनानं तसं केलं. सोमवारी सकाळी सिस्टर बाहेर पडायच्या आधी सेंटरवर सगळे जमले होते. राघोच्या नोंदीतल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या दोन्ही वेळा तिनं लॅपटॉपवर दाखवल्या, कोडमधली स्वतःची ओळही दाखवली. आवडाबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. इंजेक्शन त्यांच्या हातून दिलं गेलं होतं. करिश्मा आली होती. दारापाशी उभी राहून तिनं ऐकलं आणि रचनाचं संपल्यावर कुणाशी न बोलता निघून गेली.

सुमित चिडला. ग्राहकासमोर हे असं सांगायची गरज नव्हती, आधी माझ्याशी बोलायचं, असं म्हणाला. डेमोच्या दिवशी काढायला कुणी सांगितलं होतं हे रचना त्याला सुनावू शकली असती. तिनं ते केलं नाही, कारण परत लावायची जबाबदारी तिची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टीम दुसऱ्याकडे गेली. ती त्याच मजल्यावर, दुसऱ्या कोपऱ्यात बसते.

संस्थेनं करिश्माला परत बोलावलं. ती गेली नाही. ठाण्यात एका डॉक्टरांकडे लागली. त्या सोमवारी संध्याकाळीच रचनानं बाबुरावांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्या मुलीला तू परत नीट भेट, एकदा भेटून भागत नाही. रचना दोनदा कळव्याला जाऊन आली. एकदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्या वेळी करिश्मानं तिला आत बसवलं, चहा दिला, आणि नव्या नोकरीबद्दल दोन-तीन वाक्यं बोलली. चहा तसाच ठेवून उठताना रचना पुन्हा माफी मागायला लागली, तेव्हा करिश्मानं तिला हातानंच थांबवलं आणि म्हणाली, “मॅडम, चहा गार होतोय.”

रचनानं तो उभ्यानंच संपवला.