दोन्ही टाक्या फुल्ल

पासष्ट सालच्या ऑगस्टमध्ये माझी बदली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात झाली. अलिबागला आमचं हेडक्वार्टर. तिथून दक्षिणेला, चौलच्या पुढे एका कोळीवाड्याशेजारी आमचा कॅम्प. सहा माणसं, दोन तंबू, एक वायरलेस सेट आणि एक तीन टनी डिझेल गाडी. गाडी फोर बाय फोर, दोन्ही अंगांना एकेक मोठी टाकी. मी नाईक होतो आणि कॅम्प माझ्या ताब्यात होता.

किनाऱ्यापासून मैलभर आत समुद्रात एक खडक होता. कोळी त्याला बगळ्याचा खडक म्हणत. त्यावर आमचे आणखी चार जवान दुर्बीण आणि सेट घेऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते. तेव्हा खडकापर्यंतची वाळू उघडी पडे आणि आम्ही गाडीने रेशन, पाणी आणि बॅटऱ्या पोचवत असू. मधल्या काळात मचवा जाई, तोही समुद्राने जाऊ दिलं तर.

गाडीचा ड्रायव्हर लान्स नाईक सखाराम भोईर. चौलजवळच्याच एका आगरी वाडीतला. घरापासून चार मैलांवर पोस्टिंग मिळणारा फौजी मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या नशिबाचा विषय काढला की तो म्हणायचा, "आई पन जवळ हाय नं. रोज इचारते, रजा कवा. त्यापेक्षा लडाख बरा." मी घाटावरचा, माण तालुक्यातला. पाणी म्हणजे विहिरीचं, एवढंच माझं ज्ञान. भरती-ओहोटीची वेळ मी तोंडपाठ केली होती, पण ती घड्याळात पाहायचो. भोईर समुद्राकडे पाहून सांगायचा.

टाकी भरणं म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सांगावं लागेल. आता पंपावर नळी लावतात आणि भरलं की ती आपोआप बंद होते. आमच्याकडे डिझेल बॅरलने यायचं. बॅरल आडवं ठेवायचं. वापरायच्या आदल्या दिवशी उभं करायचं आणि हलवायचं नाही, म्हणजे आतलं पाणी तळाशी बसतं. हातपंपाने वरचं डिझेल काढायचं, तळाचं चार बोटं सोडून द्यायचं. टाकीच्या तोंडाला दुहेरी कापड लावून त्यातून ओतायचं. फेस येतो, तो बसेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा ओतायचं. गाडी परत आली की त्याच संध्याकाळी दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या, अशी स्टँडिंग ऑर्डर होती. कारण टाकीत जागा राहिली की कोकणातली दमट हवा रात्रीत आत शिरते आणि तिचं पाणी होतं. भोईर हे सगळं देवपूजेसारखं करायचा. मला ते जरा जास्तच वाटे. दोन टाक्या भरायला त्याला तास लागायचा आणि मी त्याला त्यावरून चिडवायचो.

सप्टेंबरमध्ये लढाई सुरू झाली. आमच्या किनाऱ्यावर काही घडलं नाही, पण गाडीच्या फेऱ्या दुप्पट झाल्या आणि डिझेल कमी पडू लागलं. संध्याकाळी टाक्या भरण्याचा नेम मोडला. ही गोष्ट घडली त्या दिवशी सकाळी दोन्ही टाक्या पाऊण भरलेल्या होत्या आणि जुन्या बॅरलमध्ये तळ उरला होता. नवीन दोन बॅरल सकाळी दहाला मचव्यातून उतरली. कोळ्यांनी ती वाळूवरून लोळवत कॅम्पपर्यंत आणली.

अकरा चाळीसला खडकावरून मेसेज आला. सिग्नलमन जोसेफ शेवाळावरून घसरून खाली पडला होता. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं.

मी मचव्याचा तांडेल हिराजी याला बोलावलं. वाड्यातला सगळ्यात जाणता माणूस. त्याने समुद्राकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मचवा न्हाय लागनार खडकाला. लाट बघा. फुटून जाईल."

"गाडी?"

"आज भांग हाय, नाईकसाहेब. पानी पुरता सुकनार न्हाय. वाळू दिसंल, पन मधली चर हाय ना, तिथं कमरेएवढा ऱ्हाईल. एक वाजून गेल्यावर सगळ्यात कमी. दोनपर्यंत जमंल. मंग न्हाय."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. हे मला त्या दिवशी कळलं.

भोईर तोवर गाडीभोवती फिरून आला होता. "जमंल," तो म्हणाला. "फॅनचा पट्टा काढतो, म्हंजे इंजनावर पानी उडनार न्हाय. पन दोनी टाक्या गल्यापर्यंत पायजेत. टाकीत हवा असली का पान्यात पिपासारखी गाडी उचलते. चाकं वाळू धरनार न्हाईत."

भरलेल्या टाक्या दुसऱ्या कारणानेही हव्या होत्या. जोसेफला खडकावरून थेट मुंबईच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं आणि ब्लॅकआउटच्या दिवसांत वाटेत डिझेल मिळण्याची खात्री नव्हती.

अकरा पंचावन्नला अलिबागहून सुभेदारसाहेब सेटवर आले.

"गाडी रेडी? ओव्हर."

"रेडी, साहेब. ओव्हर."

"टँक स्टेटस? ओव्हर."

"दोन्ही टाक्या फुल्ल, साहेब. ओव्हर."

"शाब्बास. खडकावरून थेट मुंबई. आउट."

टाक्या फुल्ल नव्हत्या. भोईर अजून पट्टा काढत होता. मला वाटलं, दहा मिनिटांत होतीलच, मग आत्ताच सांगितलं तर काय बिघडलं. फौजेत असं सगळेच करतात. मीही करत आलो होतो.

जुन्या बॅरलमधलं वरचं चांगलं डिझेल दोन्ही टाक्यांत घातलं. एकेक विताची जागा उरली. मी नवीन बॅरलला पंप लावायला सांगितला.

भोईर म्हणाला, "नाईक, हे आताच लोळवत आनलाय. बसला न्हाय अजून. आन वरचा बूच बघा, खारा पानी सुकल्याचे डाग हायत."

"किती वेळ लागेल बसायला?"

"उद्या सकाळ."

"कापडातून ओत मग."

"कापडातून अर्धा तास. फेस बसला पायजे."

"भोईर, मी फुल्ल रिपोर्ट दिलाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो माझ्यापेक्षा ज्युनियर होता आणि ऑर्डर झाली होती. त्याने कापड न लावता खांद्यावर टाकलं आणि पंप मारायला लागला. दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरल्या, फेस बाहेर आला. झाकणांना ग्रीस लावून वरून चिंध्या आवळल्या. बारा बत्तीसला आम्ही निघालो. भोईर चालवत होता, मी शेजारी, मागे स्ट्रेचर आणि दोन जवान.

जाताना काही झालं नाही. चरीत पाणी बंपरच्या वर आलं, पण गाडी रणगाड्यासारखी गेली. भोईर हसून म्हणाला, "बघा, वजन पायजेच." माझ्या मनातली बॅरलची गोष्ट तेव्हा निघून गेली.

खडकावर वेळ गेला. जोसेफ वरच्या बाजूला होता आणि शेवाळावरून स्ट्रेचर उतरवताना पाय ठरत नव्हते. त्याची शुद्ध जात-येत होती. मध्येच तो मल्याळममध्ये काहीतरी बोलायचा आणि मग मला इंग्रजीत सॉरी म्हणायचा. त्याला आणि चौकीवरच्या इतर तिघांना सेटसकट गाडीत घालेपर्यंत दोनला पाच कमी झाले. हिराजीने दिलेली वेळ संपत होती.

परतीच्या वाटेवर खडकाच्या पायथ्याचे धोंडे लागतात. गाडी जोरात हेलकावली. टाक्यांच्या तळाशी बसलेलं पाणी तिथेच ढवळलं असणार. चरीच्या मध्यावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. दोन वाजून सहा मिनिटं.

भोईर उतरला, छातीपर्यंत पाण्यात, आणि बॉनेटची डावी बाजू उघडली. फिल्टरच्या तळाला पाणी सोडायचा एक स्क्रू असतो, त्याला चकली म्हणतात. ती त्याने सैल केली. बोटांवर आलेलं त्याने चाटून पाहिलं.

"पानी. खारा."

त्याने फिल्टर रिकामा केला आणि इंजिनावरचा छोटा हातपंप मारून डिझेल वर आणलं. मी स्टार्टर दाबला. इंजिन लागलं, दहा-पंधरा पावलं गेलं आणि पुन्हा बंद. पाणी केबिनमध्ये शिरलं होतं. मागून जवान ओरडले की स्ट्रेचरला पाणी लागतंय. त्यांनी ते खांद्यावर उचललं. उतरून चालत जाणं शक्य नव्हतं. लाट माणसाला उभं राहू देत नव्हती आणि किनारा अजून अर्ध्या मैलाहून जास्त होता.

भोईर डाव्या मडगार्डवर चढला, इंजिनकडे तोंड करून पोटावर आडवा झाला.

"नाईक, तुमी चालवा. मी हितून पंप मारत ऱ्हातो आन चकली जराशी उघडी ठेवतो. पानी खालून गळंल, डिजल फुडं जाईल."

"पण तू धरून कशाला राहशील?"

"गाडी हळू चालवा. पन थांबू नका. आता थांबलात तर परत न्हाय उठायची."

त्याचे दोन्ही हात इंजिनात होते. धरायला हात उरला नव्हता. हे मला तेव्हा दिसत होतं. मी फर्स्ट गिअर टाकला.

इंजिन चाललं. अडखळत, पण चाललं. दर वेळी आवाज खाली गेला की भोईरचा खांदा जोरात हलायचा आणि आवाज वर यायचा. मी त्याच्या खांद्याकडे पाहून ॲक्सिलरेटर देत होतो. चर संपत आली. पुढची चाकं चढायला लागली तेव्हा डावीकडून लाट आली. फार मोठी नव्हती. ती बॉनेटवरून गेली. पाणी ओसरलं तेव्हा मडगार्ड रिकामं होतं.

मी आरशात पाहिलं. पाण्यात डोकं दिसलं, एकदाच. गाडीत स्ट्रेचर धरून पाच जण उभे होते आणि सहावा आडवा होता. इंजिनचा आवाज खाली जायला लागला होता. मी स्वतःला सांगितलं, भोईर समुद्राचा माणूस आहे, पोहत येईल. घाटावरच्या माणसाला तसंच वाटतं. अंगावर पट्टा, पायात फौजी बूट आणि तोंडावर लाट असली की समुद्राचा माणूसही माणूसच असतो, हे कळायला मला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

मी गाडी थांबवली नाही.

किनाऱ्याची सुकी वाळू लागली आणि शंभर पावलांवर इंजिन पुन्हा बंद पडलं. मी उडी टाकून मागे धावलो. हिराजी आणि त्याचे चौघे दोर बांधून आधीच पाण्यात शिरले होते. मी गळाभर पाण्यात गेलो तेव्हा त्यांनीच मला मागे ओढलं. हिराजीने माझी कॉलर धरली.

"गाडीतला मानूस मरंल. त्याला घेऊन जा. सखारामला आमी बघतो."

दोन्ही टाक्यांच्या तळाची बुचं उघडून मी पाणी काढलं. बादलीभर निघालं. फिल्टर धुतला, लाइन साफ केली, फॅनचा पट्टा परत चढवला. हात आपोआप चालत होते. भोईरने शिकवलं होतं तसेच. तीन पंचवीसला गाडी सुरू झाली. भोईर सापडलेला नसताना मी कॅम्प सोडला. रात्री साडेनऊला जोसेफला हॉस्पिटलमध्ये दिलं. त्याचा पाय राहिला नाही, पण तो जगला.

भोईर दुसऱ्या सकाळी खडकाच्या दक्षिणेला मिळाला. कपाळावर जखम होती. उजव्या हाताची बोटं वळलेलीच होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. टाक्या भरायच्या आधी फुल्ल रिपोर्ट दिला, बॅरल न बसवता वापरलं, कापड लावू दिलं नाही. सुभेदारसाहेब नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बॅरलमध्ये पाणी होतं एवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं." मला शिक्षा झाली. ती कमी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्याची पेटी घेऊन मी त्याच्या वाडीवर गेलो. आई अंगणात जाळ्यातली सुकी मासळी निवडत होती. तिला मी बसून सगळं सांगितलं. कोर्टात सांगितलं तेच, त्याच क्रमाने. माझं संपल्यावर तिने विचारलं,

"तू मागं वळून बघलास?"

"आरशात पाहिलं."

"दिसला?"

"दिसला, आई."

"आन गाडी न्हाय थांबवलीस."

"नाही."

तिने हातातली मासळी खाली ठेवली. "त्यानंच सांगितला व्हता नं, थांबू नको?"

"हो."

"बरा केलास. त्याचा ऐकलास." तिने मासळी पुन्हा हातात घेतली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "डिजल भरताना पन ऐकायचा व्हतास."

मी तिच्यासमोर रडलो. त्याआधी आणि त्यानंतर फौजेत कुणासमोर रडलो नाही. तिने मला उठवलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. ऊन उतरलं तेव्हा तिने आतून भाकरी आणून माझ्यापुढे ठेवली. ती मी खाल्ली.

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली, हवालदार होऊन निवृत्त झालो. एखाद्या समारंभात शाळेची मुलं विचारतात, लढाईत तुमचे कोण गेले? मी नाव सांगतो. लान्स नाईक सखाराम भोईर, वय सव्वीस, ड्रायव्हर. मुलं विचारतात, शत्रूने मारलं का? मी नाही म्हणतो आणि मग त्यांना सगळं सांगतो.