प्रल्हादभाऊंचं मचाण

प्रल्हाद जवंजाळ आठवड्यातले पाच दिवस इथे आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात आणि शनिवारी पहाटे विकलोच्या डोंगरात जाऊन झाडावर बसतात. दोन्ही कामं सारख्याच चिकाटीनं करतात. फरक एवढाच की ऑफिसात चुका सापडायच्या, झाडावर बसून हरीण काही दिसायचं नाही. निदान साडेतीन वर्षं तरी दिसलं नाही.

मी त्यांच्या क्लोनडॉकिनच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खोली अशी की कपाट उघडायचं तर आधी स्वतः पलंगावर चढावं लागतं. ते बुलढाण्याचे, मी मलकापूरचा. एवढ्या नात्यावर पहिल्याच दिवशी ते भाऊ झाले आणि त्यांची बायको सुचित्रावहिनी. गेल्या नोव्हेंबरपासून घरात भाऊ आणि मी, आम्ही दोघंच असतो.

मचाण हा माझा शब्द. खोक्यावर त्याचं लांबलचक अमेरिकन नाव होतं. झाडाच्या बुंध्याला पट्ट्यांनी आवळायची घडीची बैठक, तिच्याभोवती पानं-फांद्या छापलेलं कापड, कापडाला जाळीची खिडकी. तिकडचे लोक असं लपून बसतात आणि खालून जाणाऱ्या हरणाला बाण मारतात. भाऊ अमरावतीला कॉलेजात असताना तिरंदाजीत विद्यापीठाकडून खेळलेले. लॉकडाउनमध्ये घरी बसून बसून त्यांना ते दिवस आठवले आणि त्यांनी हे मचाण मागवलं. त्याआधी दोनशे चौदा लोकांचे अभिप्राय वाचले. आयर्लंडचा कायदा तेवढा वाचला नाही. इथे धनुष्यबाणानं शिकार करायला बंदी आहे, हे त्यांना खोकं उघडल्यावर कळलं. टेस्टर माणूस.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या होत्या. "मला कुठे हरीण शिजवता येतं?"

मग धनुष्याच्या जागी कॅमेरा आला. पण भाऊंच्या डोक्यातला तिरंदाज काही जाईना. मचाणासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी अठरा मीटर मोजून एक पांढरी खुंटी ठोकली. बंद हॉलमधल्या स्पर्धेत निशाण जेवढं लांब असतं, तेवढं ते अंतर. हरीण त्या खुंटीपाशी आलं तरच खरं. वहिनींनीही अट घातली. "लांबचं ओढून मोठं केलेलं मला दाखवू नका. ते तर टीव्हीवर पण दिसतं. खुंटीपाशी उभं असलेलं दाखवा, मग मी मानेन."

बैठक दोघांची होती. वहिनी एकदा शिडीवर चढल्या आणि चौथ्या पायरीवरून उतरल्या. त्यानंतर शेजारची जागा रिकामीच राहिली.

मी राहायला आलो तेव्हा या प्रकाराला तिसरं वर्ष लागत होतं आणि एकही हरीण आलं नव्हतं. म्हणजे झाडीत यायचं, शिट्टीसारखा कर्कश आवाज काढायचं आणि पळायचं. भाऊंनी सगळे उपाय केले. बिनवासाचा साबण मागवला, वास मारणारा फवारा मागवला, वाऱ्याची दिशा बघायला पावडरची बाटली आणली. शेवटी निदान केलं ते डेक्लननं. डेक्लन हा तिथला मेंढ्या पाळणारा म्हातारा, ज्याच्या कुरणाच्या कडेला हे झाड आहे. हरणं त्याचं गवत खातात म्हणून त्याचा त्यांच्यावर राग, आणि भाऊंवर प्रेम. भाऊंच्या पाठीमागे तो त्यांना "युअर मॅन अप द ट्री", म्हणजे झाडावरचा तो गडी, म्हणतो. तो एकदा शिडी चढून वर आला, कापडाला नाक लावलं आणि म्हणाला, "प्रल्हाद, या कापडाला झकास जेवणाचा वास येतोय. तुझी बायको कसला मसाला घालते?"

मसाला नव्हे, हिंग. इथे पाऊस कपडे बाहेर वाळू देत नाही. त्यामुळे बिनवासाच्या साबणानं धुतलेलं जॅकेट आणि मचाणाचं कापड दर आठवड्याला स्वयंपाकघरात, हीटरसमोरच्या स्टँडवर वाळायचं. तिथून हातभर अंतरावर वहिनींची कढई. मोहरी तडतडली, हिंग पडला, कढीपत्ता पडला की तो सगळा धूर दोनशे चौदा लोकांनी वाखाणलेल्या त्या कापडात जाऊन बसायचा.

"मग दुसरीकडे वाळवा की," मी म्हणालो.

"कुठे? तुझ्या खोलीत?" भाऊ म्हणाले. विषय संपला.

वहिनींना मात्र हे निदान फार आवडलं. दर शनिवारी भाऊ रिकाम्या हातानं आले की त्या विचारायच्या, "आलं का?"

"नाही."

"माझी फोडणी आहे तोवर तुमची हरणं सुखात आहेत बघा." आणि मला, "गौरव, वाढून घे. आज लसणाची आहे. पुढच्या शनिवारची पण सोय झाली."

ही त्यांची दर शनिवारची थट्टा होती. मला वाटतं भाऊंनाही ती आवडायची, नाहीतर एवढ्या हुशार माणसानं कापड वाळवायला शेड बांधली असती.

एप्रिलमध्ये वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. जूनमध्ये त्याला नाव मिळालं. ऑगस्टमध्ये उपचार सुरू झाले आणि त्यांना वास सहन होईनासे झाले. आधी कांदा, मग चहा, मग फोडणी. एकदा मी शहाणपणा करून वरण केलं. हिंग पडला तशा त्या बाहेरच्या खोलीतून उठून, भिंतीला धरून बागेच्या दारापर्यंत गेल्या आणि थंडीत तिथेच बसल्या. त्यानंतर घरात फोडणी झाली नाही. हिंगाची डबी भाऊंनी प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. आम्ही दहीभात, टोस्ट आणि उकडलेले बटाटे खायला लागलो. घर हळूहळू शेजाऱ्यांच्या घरासारखं झालं. कशाचाच वास नाही.

"शनिवार चुकवू नका," वहिनी म्हणायच्या. "एक दिवस तरी माझ्या तोंडाकडे बघत बसू नका. आणि मी बरी झाले ना, की पहिली फोडणी तुमच्या त्या जॅकेटवरच घालते."

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी भाऊ मला घेऊन गेले. त्यांना एकट्यानं गाडी चालवायची नव्हती एवढंच. तसं त्यांनी सांगितलं नाही. अंधारातच वर चढलो. मी वहिनींच्या जागेवर बसलो, कमरेला पट्टा बांधला. उजाडलं तेही उगाच उजाडल्यासारखं. समोर राखाडी धुकं, मध्ये ती पांढरी खुंटी, जाळीतून पाणी ठिबकतंय. पाऊण तास गेला. मी मनात उकडलेल्या बटाट्यांना शिव्या देत होतो.

मग झाडीतून एक मादी आली. तिच्यामागे दुसरी. त्यांच्यामागे नर, गडद तपकिरी, मानेवरचे केस ओले, शिंगांना शेवाळाचा तुकडा अडकलेला. शिट्टी नाही, पळापळ नाही. नर चालत आला आणि खुंटीपाशी थांबला. नाक वर केलं, वारा हुंगला. आमच्याकडून वारा सरळ त्याच्याकडेच जात होता. त्याला काही सापडलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि खुंटीला नाक लावलं.

भाऊंनी फोटो काढला. एकच. मी त्यांच्याकडे बघून अंगठा दाखवणार होतो, तर ते आपल्या जॅकेटची बाही नाकाशी धरून बसले होते. हुंगत होते. बराच वेळ हुंगत होते. हरणं चरत चरत निघून गेली तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "घरी काही बोलायचं नाही."

"अहो, पण साडेतीन वर्षं—"

"गौरव, ती विचारेल, आजच का आलं म्हणून. मग काय सांगू?"

घरी पोचलो तेव्हा वहिनी सोफ्यावर ब्लँकेट घेऊन बसल्या होत्या.

"आलं का?"

"नाही," भाऊ म्हणाले.

"अजून वास येतो वाटतं कापडाला."

"येतो की. एवढ्यात कुठला जातोय?"

वहिनींनी मान डोलावली आणि डोळे मिटले. "मुरलाय," म्हणाल्या.

पुढचे चारही शनिवार हरणं आली. भाऊ मला सांगायचे गाडी लावता लावता, दारात, हळू आवाजात, जसं एखाद्यानं ऑफिसातली भानगड सांगावी. आत गेले की "नाही". फोटो पहिला तेवढाच, त्यानंतर त्यांनी काढला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाऊ औषधं आणायला गेले होते. मी वहिनींना पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि त्यांनी विचारलं, "किती जवळ आलं होतं?"

"काय?"

"त्यांचे कान लाल होतात खोटं बोलताना. लग्नाला बावीस वर्षं झाली. किती जवळ?"

मी खाली बघितलं. "खुंटीपाशी."

"शिंगं होती?"

"होती."

"बरं," वहिनी म्हणाल्या. पेला माझ्याकडे दिला. "मी विचारलं ते त्यांना सांगू नको. त्यांना वाटू दे, मला खरं वाटतंय म्हणून."

मी अकरावीला दोन वेळा नापास होऊन इथवर आलेला माणूस. पण त्या वाक्यात कोण कोणाला सांभाळतंय हे मला लगेच कळलं. त्यानंतर घरात तीन माणसं रोज एकमेकांशी खोटं बोलत होती आणि सगळं, इथे म्हणतात तसं, ग्रँड, म्हणजे मस्त चाललं होतं. वहिनी एकोणीस तारखेला गेल्या. मंगळवार होता.

भाऊ दोन महिने डोंगरात गेले नाहीत. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तर दारातच पाय थांबला. घरात हिंगाचा वास होता. स्वयंपाकघरात भाऊ कढईसमोर उभे. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची. बाजूला ना डाळ, ना भाजी. कढईशेजारी स्टँडवर ते जॅकेट आणि मचाणाचं कापड पसरलेलं. धुराचा पंखा बंद.

"भाऊ, जळतंय," मी म्हणालो.

त्यांनी शेगडी बंद केली. "एकच गोष्ट मागितली होती तिनं. खुंटीपाशी उभं असलेलं दाखवा. फोटो कॅमेऱ्यात होता माझ्या. सव्वा महिना. नाही दाखवला."

वहिनींनी सांगू नको म्हणून बजावलं होतं. ते पाळावं की नाही, यावर विचार करायला मला मोहरी गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

"वहिनींना माहीत होतं," मी म्हणालो.

भाऊंनी वळून बघितलं.

"मला विचारलं त्यांनी. किती जवळ, शिंगं होती का. मी सांगितलं."

"मग?"

"बरं म्हणाल्या."

"एवढंच?"

"तुमचे कान लाल होतात म्हणाल्या."

भाऊंनी हात कानापर्यंत नेला आणि तसाच ठेवला. मग कढईतली जळकी फोडणी कचऱ्यात टाकली, कढई पुसली, नवीन तेल घातलं आणि पुन्हा मोहरीचा डबा उघडला. मी डाळ लावायला घेतली. ते नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. मला रजई सोडवेना, आणि त्यांनी बोलावलंही नाही. साडेनऊला फोन वाजला. त्यांचा मेसेज होता: "शिट्टी मारून पळाली. एकही थांबलं नाही."

खाली फोटो होता. ओलं गवत, धुकं, अठरा मीटरवर पांढरी खुंटी, आणि फोटोच्या कडेला, शेजारच्या रिकाम्या जागेवर, घडी करून ठेवलेलं ते जॅकेट.