विमानपट्टीला माणसं किती लागतात

कारंज्याहून थोडं आत आमचं गाव. गावाबाहेर लढाईच्या काळात सरकारने विमान उतरायला एक लांब पट्टी केली होती. लढाई संपली, पट्टी राहिली. माझे यजमान तिथे चौकीदार होते, पण हंगामी. विमान येणार असलं की पट्टीवरून ढोरं हाकायची, हे काम. आम्ही बाया तिथेच मिरच्या वाळवायचो, कारण तेवढी कडक, कोरडी जागा गावात दुसरी नव्हती. विमान वर्षाकाठी एखादं यायचं, ढोरं रोज यायची. खरं म्हणजे यजमानांना पोसत होती ती ढोरं.

एका उन्हाळ्यात निरोप आला की नागपूरहून साहेब येतो आहे. विमानं आता मोठी झाली होती, मधे न उतरता लांब जात होती. तेव्हा अशा लहान पट्ट्यांवर यापुढे माणसं किती लागतील, हे तो बघणार होता. यजमानांना वाटलं, साहेब खूश झाला तर आपण कायम होऊ. आम्हाला शेत नव्हतं. नोकरी गेली तर दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जाणं आलं.

पाहुणा सोयरा असो की सरकारी, सडा-सारवण झालं नाही तर आमच्याकडे गावाची अब्रू जाते. यजमान घरोघर फिरले.

"उद्या ढोरं नाल्यापल्याड न्या बाप्पा. माह्या नोकरीचा सवाल हाय."

लोक भले. ढोरं गेली, मिरच्या उचलल्या. बायांनी पट्टीच्या तोंडाशी सडा टाकला, मी रांगोळी काढली, कडेच्या दगडांना चुना लावला. शेजारीण म्हणाली, "अवं, तुह्या लग्नातबी एवढं नव्हतं झाडलं."

"लगन कायमचंच होतं, त्याले कोन झाडते? हे हंगामी हाय."

साहेब जीपमधून उतरला आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. शेणाचा पो म्हणून दिसला नाही.

"इथे जनावरांचा त्रास नाही?"

"नाई साहेब! एकबी ढोर येत नाई," यजमान छाती काढून बोलले.

"आणि झाडलोट?"

"गावच करते साहेब. सांगा लागत नाई."

साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं गाव मी पाहिलं नाही. दुसरीकडे तीन-तीन माणसं ठेवून पट्टीवर म्हशी बसलेल्या असतात."

यजमान घरी आले ते जमिनीवर पाय नसल्यासारखे. "आयकलं काय वो? साहेब म्हने, असं गाव नाई पाह्यलं!"

"मंग तुमाले काऊन ठेवन तो?"

"म्हंजे?"

"ढोरं येत नाईत, झाडलोटीले मानूस लागत नाई. चौकीदार कायले पाह्यजे?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "चुना तं तूबी लावला."

पावसाळ्याआधी हुकूम आला: या पट्टीला माणूस लागत नाही. जिथे म्हशी बसायच्या तिथली तीन-तीन माणसं कायम झाली, असं मागाहून कळलं. आम्ही निंदायला जाऊ लागलो. यजमान साहेबाला कधी वाईट बोलले नाहीत. माणूस सरळ होता, दिसलं तेच त्याने वर कळवलं, असं म्हणायचे. शिव्या द्यायला त्यांना घरात मी होते.