आईने हिमनदीचं तीर्थ घेतलं तेव्हा

मंडळी, आजची गोष्ट ऐका. आईबाबा अलास्कात छोट्या जहाजावरून देवमासे बघायला गेलेत. सकाळी इथे सिंगापुरात नोव्हेनाला ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोत बाबांचा व्हिडिओ आला.

आई रबरी बोटीतून वाकून हिमनदीच्या पायथ्याचं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतेय. तिच्या हातापाशीच एक भलीमोठी काळी पाठ वर आली. किंकाळी. व्हिडिओ बंद.

दोघांचेही फोन लागेनात. नवरा फोनवर म्हणाला, "अगं, व्हिडिओ पाठवलाय म्हणजे सुखरूप आहेत."

पाठवला बाबांनी. आईचं काय?

तीन तासांनी आईचा फोन आला. "ओरडले ते तुझे बाबा! मग मी परत वाकून तुझ्यासाठी बाटली भरली."

ट्रिपचे अजून सहा दिवस बाकी आहेत. तुमची आई ऐकते का हो तुमचं?